दारात कोणी आहे का?

अण्णांचा लॅपटॉप २००५ सालचा आहे. सेलेरॉन एम प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क. आकाराने लहान आणि वजनाने हलका, म्हणून त्यात सीडी ड्राइव्ह नाही. फ्लॉपीचाही नाही. अण्णांनी तो सेकंडहँड घेतला आणि सांगोल्याच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसून त्यावर पंधरा वर्षं लोकांचे अर्ज टाइप केले. त्याआधी टाइपरायटर होता. लिंबाखाली लाइट नव्हती, म्हणून बॅटरीला ते जीव लावायचे. प्रिंट शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्ह देऊन काढायची. कळांवर त्यांनी मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले होते. आता अर्धे झिजलेत, पण अण्णांना ते कधी बघावेच लागले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. उजव्या हाताची बोटं रुसली. फिजिओथेरपिस्टने रबरी चेंडू दाबायला दिला. चार दिवसांत अण्णांनी तो नातवाला देऊन टाकला आणि म्हणाले, "मला टाइप करू दे." मी माझा नवा लॅपटॉप पुढे केला. दोन मिनिटांत त्यांनी तो परत सरकवला. "पाटीवर बोटं फिरवल्यासारखं वाटतं रे. माझा काढ."

त्यांचा म्हणजे कपाटातला. विंडोज एक्सपी सुरू होतानाच अडकत होतं, आणि त्याचे अपडेट्स एप्रिल २०१४ मध्येच बंद झालेले. ठरवलं, लिनक्स टाकायचं. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होतो, एका दुपारचं काम वाटलं.

पेन ड्राइव्ह तयार केला, लावला, मशीन चालू केलं. काहीच नाही. बायोसमध्ये गेलो तर बूटच्या यादीत चारच नावं : फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क, नेटवर्क. यूएसबी पोर्ट चालतात, पण त्यावरून बूट होत नाही. पहिल्या दोन गोष्टी नाहीत, तिसरी बिघडलेली. उरलं नेटवर्क.

यालाच पीएक्सई म्हणतात. इंटेलने नव्वदच्या दशकात आणलेली ही सोय. ज्या कंप्युटरवर काहीच नाही, तो केबलमधून हाक मारतो आणि दुसरा कंप्युटर त्याला सुरू होण्यापुरती फाइल देतो. मी माझ्या लॅपटॉपवर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवला, डेबियनच्या नेटबूटच्या फाइल्स उतरवल्या आणि दोन्ही मशीन लॅनच्या केबलने जोडली. डेबियन १२ मुद्दाम निवडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा ३२ बिटच्या जुन्या मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही. म्हणजे गाडी सुटायच्या आत पायरीवर पाय ठेवायचा होता.

पहिला एरर आला : पीएक्सई-ई५१.

"काय म्हणतोय?" अण्णांनी खाटेवरून विचारलं.

मी डीएचसीपी समजावायला लागलो आणि माझं मलाच कंटाळवाणं वाटलं. म्हणून म्हटलं, "समजा खेड्यातला माणूस पहिल्यांदा कचेरीत आला. दारातच विचारतो, मी कुठं उभा राहू, कोणत्या टेबलावर जाऊ? हा एरर म्हणजे दारात कोणीच नाही."

"म्हणजे शिपाई चहाला गेलाय," अण्णा म्हणाले. "बघ जरा."

खरंच होतं. डीएनएसमास्क वायफायकडे कान लावून बसला होता, केबलकडे त्याचं लक्षच नव्हतं. दुरुस्त केलं. मग आला ई५३.

"आता शिपाई भेटला, पण कोणता कागद मागायचा ते त्यानं सांगितलं नाही." बूट फाइलचं नाव मी चुकीच्या ओळीत लिहिलं होतं. तेही दुरुस्त केलं. मग ई३२.

"आता?"

"कागदाचं नाव कळलंय. खिडकी बंद आहे."

"जेवणाची सुट्टी," अण्णा हसले. झटक्यानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो. माझ्या लॅपटॉपच्या फायरवॉलने ६९ क्रमांकाचं पोर्ट अडवलं होतं. ते उघडलं, आणि रात्री साडेनऊला त्या काळ्या पडद्यावर डेबियनचा मेनू आला.

भाषा, टाइमझोन, पासवर्ड. मग डिस्कची पाळी आली. संपूर्ण डिस्क पुसून नव्याने मांडणी करायची, असा पर्याय मी निवडला. शेवटी इन्स्टॉलर विचारतो, हे बदल डिस्कवर लिहू का? आणि उत्तर आधीच 'नाही'वर ठेवलेलं असतं. 'हो'वर आपल्यालाच जावं लागतं.

अण्णा उठून शेजारी येऊन बसले होते. "सगळं पुसणार?"

"आत काही राहिलं नाहीये, अण्णा. मी बघितलंय."

ते गप्प. मीही गप्प. आत काही का राहिलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

मी दहावीत होतो तेव्हा एका गेमसाठी जागा हवी होती. मित्राने सांगितलं, डी ड्राइव्ह फॉरमॅट कर. मी केला. त्यात अण्णांचे मसुदे होते. वारस नोंद, उत्पन्नाचा दाखला, शेतरस्त्याचा वाद, नावातली दुरुस्ती, सगळे नमुने नीट नावं देऊन ठेवलेले. मी घरी सांगितलं, लाइट गेली आणि डिस्क उडाली. अण्णा काही बोलले नाहीत. नंतर महिनाभर रात्री जेवण झालं की ते जुन्या कागदी प्रती समोर ठेवून एकेक मसुदा पुन्हा टाइप करायचे. मी शेजारच्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडून तो आवाज ऐकायचो. त्या मसुद्यांचा पेन ड्राइव्हही पुढे कुठेतरी हरवला.

"अण्णा, तेव्हा लाइट गेली नव्हती," मी म्हणालो. "मीच फॉरमॅट केलं होतं."

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "बॅटरी नवी होती की रे तेव्हा."

मला काय बोलावं कळेना.

"दाब आता," ते म्हणाले. "किती वेळ 'नाही'वर ठेवणार?"

मी दाबलं. माझ्या वायफायचं इंटरनेट त्या केबलमधून थेंब थेंब पुढे जात राहिलं. पॅकेजेस उतरायला आणि बसायला रात्रीचे दोन वाजले. हलकाफुलका एलएक्सडीई डेस्कटॉप घेतला. ब्राउझर त्यावर रडतच चालतो, व्हिडिओचं नावच नको. पण लिहायला पुरे.

सकाळी मराठी कळफलकांच्या यादीतून रेमिंग्टन मांडणी निवडली. टाइपरायटरवर अण्णांची बोटं तीच शिकली होती. युनिकोडमध्ये काय कुठे बसतं ते सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी हातानेच थांबवलं. डावा हात भराभर चालला. उजव्याची दोन बोटं दर वेळी उशिरा पोचत होती, आणि डावा हात त्यांच्यासाठी थांबत होता.

वीस मिनिटांत पडद्यावर एवढंच उमटलं :

मे. तहसीलदार साहेब, सांगोला यांचे सेवेशी,
विषय : सातबारा उताऱ्यावर वारस नोंद होणेबाबत.

"कोणाचा अर्ज आहे?" मी विचारलं.

"कोणाचाच नाही. मसुदा आहे," अण्णा म्हणाले. "सेव्ह कुठं करायचं ते दाखव. आणि दोन ठिकाणी कर."