कडेवरून दिसणारं जग

उज्जैनच्या माधवनगरात सकाळ आधी नाकाला कळते. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर पोहे वाफेला लागलेले असतात, शेजारच्या कढईत जिलबी पडते, दूधवाल्याच्या बरण्या खणखणतात आणि कुणीतरी अंगणात सडा घातल्याचा ओल्या मातीचा वास येतो. घरात नव्याने आलेलं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू ही सगळी खबर फाटकाच्या गजांतून घेत असतं. नाक बाहेर, अंग आत. शेपटी एवढी हलते, की मागचे पाय फरशीवर घसरतात. त्याला बाहेर जायचंय. आणि घरातले सगळे एका सुरात सांगतात, "लशीचे डोस पूर्ण होईपर्यंत नाही."

हा नकार मायेतून येतो आणि त्यामागचं कारणही खरं आहे. पार्वोचा विषाणू कुत्र्यांमध्ये १९७८च्या सुमारास उघडकीला आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. आज त्यावर चांगली लस आहे, पण विषाणू गेलेला नाही. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो जमिनीवर येतो आणि सावलीतल्या ओलसर मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. साध्या फिनाइलला तो दाद देत नाही. त्याला ब्लीचिंगचं पाणीच लागतं. पाऊस पडून गेलेला असतो, जागा स्वच्छ दिसते, तरी तो तिथे असू शकतो. पिल्लू ती जागा हुंगतं, मग स्वतःचे पंजे चाटतं, आणि काही दिवसांत खाणं सोडतं. पाठोपाठ उलट्या, रक्ताची हगवण. एवढ्याशा अंगात पाणी ते किती असणार! ज्याने एखादं पिल्लू असं सुकत जाताना पाहिलं आहे, त्याच्या पोटात दुसऱ्याचं पिल्लू उकिरड्याशी हुंगताना दिसलं तरी गोळा येतो.

मग एका डोसात काम का भागत नाही? कारण पिल्लाच्या रक्तात त्याची आई असते. जन्मल्यावर पहिल्या दिवशी ते आईचा चीक पितं आणि तिची प्रतिपिंडं त्याच्या अंगी येतात. ती त्याला सांभाळतात, पण लशीलाही निष्प्रभ करतात. कुणाच्या अंगात ती सहाव्या-आठव्या आठवड्यात ओसरतात, कुणाच्या अंगात अगदी सोळाव्यापर्यंत टिकतात, आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही. म्हणून डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देतात आणि शेवटचा डोस सोळा आठवडे भरल्यावर देतात. मधे काही दिवस असे येतात, की आईने दिलेलं सरलेलं असतं आणि स्वतःचं अजून तयार झालेलं नसतं. सगळा धोका त्या दिवसांचा.

पण नेमक्या याच आठवड्यांत पिल्लाचं मनही घडत असतं. अमेरिकेतल्या बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ साली निघाला. तिथल्या एका प्रयोगात काही पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात, माणसाचा सहवास न देता वाढवली. ज्यांना लवकर माणसं भेटली ती माणसाळली. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत कुणीच भेटलं नाही, ती रानटी जनावरासारखी बुजरीच राहिली. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लू जे शांतपणे पाहतं-ऐकतं, ते त्याला पुढे आपलं वाटतं. नंतर भेटलेल्या नव्या गोष्टीची आधी भीतीच वाटते. म्हणूनच तिकडच्या पशुवर्तनतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने २००८ साली स्पष्ट सांगितलं, की पहिला डोस होऊन निदान सात दिवस झाले, की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लालाही स्वच्छ जागी इतर निरोगी पिल्लांत मिसळू द्यावं. घाबरट राहिलेल्या कुत्र्याचे हाल आपल्याकडेही कमी नाहीत. ते दारावरच्या बेलला थरथरतं, पाहुण्याच्या अंगावर धावतं, आणि मग उरलेलं आयुष्य जिन्याखाली साखळीला बांधलेलं काढतं.

मग करायचं काय? उत्तर आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. नव्या बाळाला सव्वा महिना जिवापाड जपतात, म्हणून कुणी त्याला अंधाऱ्या खोलीत कोंडत नाही. तीट लावून ते कडेवर बसतं आणि तिथून अंगण बघतं. पिल्लालाही तसंच न्यावं. डोळ्यांनी, कानांनी, नाकाने ते बाहेर जावं. पायांनी मात्र अजून नाही.

संध्याकाळी ऊन उतरलं, की त्याला जुन्या पंच्यात घेऊन मी टॉवर चौकाच्या दिशेने निघते. पहिली बस कर्कश हॉर्न देत जाते आणि माझ्या तळहाताखाली त्याचं काळीज पळत सुटतं. कान डोक्याला चिकटतात. मी जागीच थांबते आणि बोटावरचा पनीरचा कण त्याच्या नाकाशी धरते. आधी नुसत्या नाकपुड्या हलतात. मग एक कान उठतो, आवाजामागे वळतो, आणि थोड्या वेळाने खरखरीत जीभ बोटाला लागते. खाल्लं, म्हणजे भीती आवाक्यात आहे. खाल्लं नाही, तर वळून शांत गल्लीत जायचं, उद्या जरा लांबून बघायचं. जबरदस्तीने गर्दीत उभं केलं, तर ओळख होत नाही, भीतीच पक्की होते. असं रोज थोडं थोडं: हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, फुगेवाला, रस्त्यात ठाण मांडून बसलेली गाय, रेल्वेची शिटी, आरतीची घंटा, फ्रीगंजच्या बाजूने येणाऱ्या वरातीचा बँड, तोही दोन गल्ल्या लांबून. गल्लीतली मुलं धावत येतात, "काकू, हात लावू?" हात धुऊन या, म्हणावं, आणि एकेकाने. छातीला हळू हात लावावा, डोक्यावर थापट्या मारू नयेत. धुतलेल्या हातांची दोन-चार लहान माणसं पिल्लाच्या ओळखीची झाली, ही मोठीच कमाई.

पाय टेकवायच्या जागा निवडून घ्याव्यात. आपली गच्ची, रस्त्यावरची कुत्री चढत नाहीत असा धुतलेला ओटा, आणि ज्यांच्या घरचं मोठं कुत्रं निरोगी आहे नि लशी वेळेवर घेतं अशा नातेवाइकांची बैठक. झाडाचे बुंधे, विजेचे खांब, नालीचा काठ, बागेतलं गवत, कोठी रोडवरची फिरायला येणाऱ्यांची वाट, ही सगळी नंतर. चपला दाराबाहेर काढायची आपली रीत इथे फार कामाला येते, कारण विषाणू तळव्याला चिकटूनही घरात शिरतो. दवाखान्यात तर आणखी जपावं. तिथे आजारीच जनावरं येतात; नंबर येईपर्यंत पिल्लू मांडीवर किंवा रिक्षात असावं, फरशीवर नको. पावसाळ्यात साचलेलं पाणी पिऊ देऊ नये. त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं, आणि लेप्टोस्पायरोसिस हा आजार त्यातून होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. जंताचं औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त डॉक्टर सांगतील तसा.

रेबीजची लस सहसा तीन महिने भरल्यावर देतात, हे घरातल्या मुलांना माहीत हवं. तोवर पिल्लाचे सुईसारखे दात खेळताखेळता लागले, तर हसण्यावारी नेऊ नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवावी.

उज्जैन कालभैरवाचं गाव आहे, आणि कुत्रं हे भैरवाचं वाहन. १८१० साली राजधानी ग्वाल्हेरला जाईपर्यंत शिंद्यांचा कारभार इथूनच चालायचा. त्या काळात आलेल्या मराठी कुटुंबांची दैवतंही इथलीच झाली. त्यांत खंडोबाच्या सोबत कुत्रं आहे आणि दत्ताच्या पायाशी चार. आमच्या भागात पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हे अजून पाळलं जातं. पण ती शेवटची पोळी खाणारी कुत्री बहुधा पार्वो आणि डिस्टेंपर या आजारांच्या लशींविना असतात. पावसाळा सरला, की बांधकामाच्या वाळूच्या ढिगाआड त्यांची पिल्लं दिसू लागतात, आणि थंडी संपेपर्यंत त्यांतली कितीतरी गेलेली असतात. २०२३च्या केंद्रीय नियमांत त्यांच्यासाठी नसबंदी आणि रेबीजची लस आहे. पार्वोसाठी गल्लीलाच पुढे व्हावं लागेल. ज्या मातीची मला माझ्या पिल्लासाठी धास्ती वाटते, त्याच मातीत ती जन्मतात. ती वाचली, तर माझ्या पिल्लाची वाटही निर्धोक होईल.

म्हणून पिल्लू घरी आणणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगणं आहे. डॉक्टरांना पुढच्या डोसची तारीख विचारताना तोवर याला काय काय दाखवू, हेही विचारा. तारीख चुकवू नका आणि दारही बंद करून बसू नका. गणपतीला वर्गणी काढता, तशी थोडी गल्लीतल्या पिल्लांच्या लशींसाठीही काढा. आणि आज संध्याकाळी जरा वेळ काढून आपल्या पिल्लाला कडेवर घ्या, दाराबाहेर पडा. डोस चुकला, तर डॉक्टर पुन्हा तारीख देतील. हे कोवळे आठवडे मात्र पुन्हा मिळत नाहीत.