कांसवांच्या बेटांवर

दक्षिण अमेरिकेंतील इक्वाडोर देशाच्या किनाऱ्यापासून सुमारें १००० किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरांत, गालापागोस नांवाचा ज्वालामुखीजन्य बेटांचा समूह आहे. ‘गालापागो’ हें कांसवाचें जुनें स्पॅनिश नांव. १८३५ सालीं चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजांतून येथें आला व सुमारें पांच आठवडे राहिला. त्या मुक्कामांत गोळा केलेल्या सामग्रीचा पुढें त्याच्या उत्क्रांतिवादास मोठाच आधार झाला. शाळेंत असल्यापासून हीं बेटें एकदां डोळ्यांनीं पाहावीं अशी आमची इच्छा होती. ती गेल्या ऑक्टोबरांत पुरी झाली. बरोबर मातोश्री व आमची आठ वर्षांची पुतणी होती.

बेटांवर पाऊल टाकण्यापूर्वींच तेथील शिस्त समजली. बाहेरचें बीं अगर किडा आंत जाऊं नये म्हणून सर्व सामान तपासलें गेलें, व मातोश्रींनीं प्रवासासाठीं घेतलेलीं चार लिंबें तेथेंच ठेवावीं लागलीं. १९५९ सालीं या समूहाची सुमारें ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यान ठरली. तेथें परवानाधारक वाटाड्यावांचून फिरतां येत नाहीं. आंखलेली पायवाट सोडावयाची नाहीं, शिंपलाहि उचलावयाचा नाहीं, आणि कोणत्याहि प्राण्यापासून दोन मीटर दूर राहावयाचें.

रात्रभर बोट हेलकावे खात होती. सकाळीं आग्नेयेकडील एस्पान्योला बेटाशीं आम्ही रबरी होडींतून खडकावर उतरलों, तों तांबड्या-हिरव्या रंगाच्या समुद्री घोरपडी एकमेकींच्या अंगावर पसरून ऊन खात पडलेल्या! सरड्यांच्या सबंध गोतांत समुद्रांत बुडी मारून शेवाळ खाणारी हीच काय ती एक जात. अंगांतलें जादा मीठ त्या नाकपुड्यांतून शिंकरून टाकतात. पुढें कड्याच्या माथ्यावर आल्बट्रॉस पक्षी भेटले. या जातीचे जवळजवळ सर्व पक्षी अंडीं घालण्यास याच एका बेटावर येतात. पंखांचा पसारा दोन मीटरांहून अधिक, त्यामुळें जमिनीवरून उडणें त्यांस जड जातें. म्हाताऱ्या माणसाप्रमाणें डुलत डुलत ते कड्याच्या टोकाशीं येतात व वाऱ्यांत अंग झोंकून देतात. मग मात्र हाच तो पक्षी काय, असा प्रश्न पडतो. यांपैकीं एकहि प्राणी आम्हांस पाहून पळाला नाहीं. हजारों वर्षें माणूस न पाहिल्यामुळें भिण्याची संवयच त्यांस लागलेली नाहीं.

येथेंच आमची पहिली परीक्षा झाली. मॉकिंगबर्ड जातीचा एक करडा पक्षी थेट पुतणीच्या पायाशीं आला व तिच्या पाण्याच्या बाटलीवर चोंच आपटूं लागला. या बेटावर गोड्या पाण्याचा कायमचा सांठा नाहीं; बाटली म्हणजे पाणी, हें त्यानें प्रवाशांवरून ताडलें आहे. मुलीनें झांकण उघडलें. वाटाड्यानें नम्रपणें, पण ठामपणें तें बंद करावयास लाविलें. पानावर बसण्यापूर्वीं कावळ्यासाठीं घास काढून ठेवणाऱ्या आमच्या मातोश्रींचा चेहरा उतरला.

दुपारीं गार्डनर उपसागराच्या पांढऱ्या वाळूवर याहून कठीण प्रसंग आला. तेथें सागरसिंहांचा मोठा तांडा पडला होता. माद्या समुद्रांत शिकारीस जातात व परतल्यावर हांकेवरून आणि वासावरून आपलें पिलूं ओळखून त्यासच दूध पाजतात. एक पिलूं मात्र अगदीं हडकलेलें होतें. तें प्रत्येक मादीजवळ जाई व हुसकावलें जाई; शेवटीं तें आमच्या सांवलींत येऊन पडलें. मुलगी रडूं लागली. “याला कांहींच कां करीत नाहीं?” वाटाड्या म्हणाला, “आई परत येईल. न आल्यास तें जगणार नाहीं. ज्या वर्षीं एल् निन्योमुळें समुद्र तापतो, त्या वर्षीं मासे दूर जातात व अशीं पुष्कळ पिलें मरतात. आपण हात लावावयाचा नाहीं.” संध्याकाळीं होडी निघाली तेव्हां तें तेथेंच होतें. त्या रात्रीं आमच्यांत कोणी फारसें बोललें नाहीं.

दोन दिवसांनीं सांताक्रूझ बेटावर डार्विन संशोधन केंद्र पाहिलें. देवमासे मारणारीं जहाजें पूर्वीं येथील प्रचंड कांसवें हजारोंनीं धरून नेत, कारण जहाजाच्या तळांत तीं अन्नपाण्यावांचून कित्येक महिने जगत व खलाशांस ताजें मांस मिळे. मागाहून माणसांनीं सोडलेल्या शेळ्यांनीं उरलेल्या कांसवांचा चारा फस्त केला. एस्पान्योलावरील कांसवांपैकीं अवघीं चौदा उरलीं: बारा माद्या व दोन नर. तीं येथें आणलीं; सान डिएगोच्या प्राणिसंग्रहालयांतून ‘डिएगो’ नांवाचा तिसरा नर मिळाला. बेटावरील शेळ्या नाहींशा केल्या, आणि सुमारें २००० पिलें वाढवून तेथें सोडण्यांत आलीं. २०२० सालीं हीं पंधराहि वडीलधारीं कांसवें स्वगृहीं पोंचलीं. पिंटा बेटाचें नशीब मात्र असें नव्हतें. त्या जातीचा शेवटचा नर, ‘एकटा जॉर्ज’, १९७१ सालीं सांपडला. त्यास जोडीदारीण मिळालीच नाहीं. २०१२ सालीं तो वारला. त्याचें जतन केलेलें शरीर पाहतांना दालनांत कोणी मोठ्यानें बोलत नव्हतें.

बाहेर आल्यावर मुलीनें विचारलें, “कांसवांना हात लावलेला चालतो, मग त्या पिलाला कां नाहीं?” वाटाड्या विचारांत पडला. उत्तर मातोश्रींनीं दिलें. “पिलाला दूध पाजणें ही दया झाली, बाळ. शेळ्या माणसांनीं आणल्या, कांसवें माणसांनीं खाल्लीं. हें त्याचें प्रायश्चित्त आहे.”

हें उत्तर आम्हांस पटलें. तरी पुरें समाधान झालें नाहीं. आतां जगभरचा समुद्र माणसाच्याच धुरानें तापत चालला आहे. मग पुढें एखाद्या पिलाची भूक केवळ निसर्गाची म्हणून तिकडे पाठ फिरवितां येईल काय?

घरीं परतल्यावर मातोश्रींनीं पहिल्याच दिवशीं गच्चींतील पक्ष्यांचें मातीचें पसरट भांडें घांसून भरलें. मुलगी म्हणाली, “आजी, इथं चालतं का?”

“इथलं तळं बुजवून आपणच घरं बांधलीं ना?” त्या म्हणाल्या, व तांब्यांतलें उरलेलें पाणीहि त्यांनीं त्यांत ओतलें.