शब्दांआधीची भाषा

मूल बोलू केव्हा लागते, असे कोणी विचारले, तर 'एक वर्षाचे झाल्यावर' असे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. पण माझ्या ताईची अकरा महिन्यांची छकुली पाहिली, की हे उत्तर किती अपुरे आहे ते कळते. तिला अजून एकही शब्द येत नाही. तरीही दिवसभर ती आमच्याशी बोलतच असते!

कडेवर यावयाचे असले, की ती दोन्ही हात वर करते. पोट भरले, की ओठ घट्ट मिटून मान फिरवते. मग आजीने चिऊचा घास, काऊचा घास म्हणत कितीही आर्जवे केली, तरी ते दार उघडत नाही. कोणी पायांत चपला घातल्या, की 'भुर्र' जाण्याची वेळ झाली हे ओळखून ती उंबऱ्याकडे झेप घेते.

या साऱ्या खुणांत मला मोलाची वाटते ती तिची तर्जनी. एकदा अंगणातल्या शेवग्यावर कावळा येऊन बसला. छकुलीने बोट दाखविले, 'अं!' असा उद्गार काढला आणि लगेच वळून माझ्या तोंडाकडे पाहिले. तिला कावळा हवा होता असे नव्हे. 'मला दिसले ते तुलाही दिसले ना?' एवढेच तिला विचारावयाचे होते. 'हो ग, काऊ आला!' असे मी म्हणताच तिचा चेहरा फुलला. वस्तू मागण्यासाठी बोट दाखविणे वेगळे आणि आपला आनंद वाटून घेण्यासाठी दाखविणे वेगळे. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास मुले ही दोन्ही कामे बोटाकडून करून घेऊ लागतात.

थोर शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी १८३९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाच्या लहानसहान गोष्टी टिपून ठेवल्या होत्या. १८७७ साली त्यांनी त्या प्रसिद्ध केल्या. बरोबर एक वर्षाच्या त्या मुलाने अन्नासाठी 'मम्' हा शब्द स्वतःच तयार केला. भूक लागली, की रडण्याऐवजी तो 'मम्' म्हणे. आपल्याकडेही बाळाच्या खाऊला 'मम्मम्'च म्हणतात! यात नवल ते काय? 'म' उच्चारावयाला दात लागत नाहीत, की जीभ वळवावी लागत नाही; ओठ मिटले आणि उघडले, की झाले.

परंतु बोलणाऱ्याला ऐकणारा हवा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक व त्यांचे सहकारी यांनी काही आयांना तान्ह्या बाळासमोर थोडा वेळ निर्विकार चेहऱ्याने बसावयास सांगितले. बाळांनी आईने पूर्वीसारखे बोलावे म्हणून नाना प्रयत्न केले. उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी तोंड फिरविले. हा प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना मन कळवळते. ज्यांना शब्दही येत नाहीत, त्यांनाही आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही, हे किती लवकर कळते!

छकुली आता लवकरच बोलू लागेल. तिच्या पहिल्या शब्दाचे घरभर कौतुक होईल. पण त्या शब्दाची तयारी या न बोललेल्या संभाषणातच चालली आहे. तुमच्या घरी असे बाळ असेल, तर त्याने बोट दाखविताच हातातले काम घडीभर बाजूला ठेवा आणि त्या दिशेला पाहा. तेथे कदाचित साधा कावळाच असेल. पण तो तुम्हांला दाखविण्यावाचून त्या बाळाला राहवलेले नाही.