हनुवटीखालची जागा

सोयाबीन सोंगून झालं की जऊळक्यातली वावरं एकाएकी मोठी होतात. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत नजर अडत नाही आणि अकोला–पूर्णा मार्गावरची गाडी पार लांबवर दिसत राहते. त्या मोकळ्या रानात माझी लेक बांबूचं धनुष्य घेऊन उभी राहते. समोर तीस मीटरवर कुटार ठासून भरलेली पोती, त्यांच्या मागे उंच धुरा. मी तिच्या उजव्या हाताला, रेघेच्या मागे. बाण कुठं लागला ते ती बघते. मी बघतो तिची हनुवटी.

कारण सगळं तिथं ठरतं. दोरी मागे येते, तर्जनी जबड्याच्या हाडाखाली सरकून घट्ट बसते, दोरी हनुवटीच्या मधोमध टेकते आणि नाकाच्या शेंड्याला हलकेच शिवते. दोरी लागते तिथली कातडी किंचित दबते, खालचा ओठ जरासा एका बाजूला ओढला जातो. या जागेला पोरं ‘अँकर’ म्हणतात. इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारातल्या या धनुष्याला नेम धरायची साइट नसते. डोळ्याला बाणाचं पुढचं टोक दिसतं, मागचं दिसत नाही. मागच्या टोकाची राखण कातडीनंच करायची. हिशेब साधा आहे. साठ सेंटिमीटरचा बाण आणि तीस मीटरचं अंतर, म्हणजे पन्नास पट. हनुवटीखाली दोरी एक मिलिमीटर खाली-वर झाली, की तिकडे पाच सेंटिमीटरचा फरक पडतो. ऑलिंपिकच्या सत्तर मीटरवर तो दहा-बारा सेंटिमीटरच्या घरात जातो, आणि तिथलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं 12.2 सेंटिमीटर रुंद.

चित्रातला राम दोरी कानापर्यंत ओढतो. लेकीनंही सुरुवातीला तेच केलं. दिसायला रुबाबदार, पण कानापाशी दोरीला टेकायला हाड नाही. रोज जागा बदलायची. हनुवटीशी आल्यावर मात्र अंधारात घरातली कडी हाताला सापडावी, तशी तिच्या बोटांना ती जागा सापडू लागली. तरी दर बाणाला विचारणं असतंच, “बाबा, लागली का पाहा बरं?” मी म्हणतो, “लागली. आता पाठीनं ओढ.”

ती पाठीची ओढ म्हणजे दुसरं अर्धं काम. हात दोरीला जागेवर आणतो. तिला तिथं टिकवून धरतात ते खांद्याच्या फऱ्यांमधले स्नायू. ते सैल पडले की दोरी नकळत पुढे सरकते. ओढ इंचभर कमी झाली, तर धनुष्याचा जोर साधारण दोन पौंडांनी उतरतो आणि बाण वाटेतच खाली झुकतो. ऑलिंपिकच्या रिकर्व्ह धनुष्यावर यासाठी क्लिकर असतो: बाणावर दाबून बसलेली पातळ पट्टी. ओढ पूर्ण झाली की बाणाचं टोक तिच्याखालून निसटतं, ‘टक्’ वाजतं आणि बाण सोडायचा. कंपाउंड धनुष्यात तर चाकंच ओढीची हद्द ठरवतात. त्यापुढे दोरी येतच नाही, जणू भिंत लागते.

त्या भिंतीला टेकून आपल्याकडच्या पोरांनी काय करून दाखवलं! 2023 च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं नेदरलँड्सच्या कसलेल्या माइक श्लोसरला 149–148 असं हरवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी जगज्जेती झाली, आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात पंधरापैकी पंधरा बाण दहात घातले. पंधरा वेळा तोच जबडा, तीच जागा, तीच ओढ. मला त्या 150 गुणांपेक्षा या पंधरा सारख्या थांबण्यांचं जास्त अप्रूप वाटतं.

लेकीच्या बांबूला ना टक् ना भिंत. ओढाल तितका तो जड होत जातो. कुठं थांबायचं ते तिच्याच अंगाला कळायला हवं. म्हणून शिकणाऱ्याची सुरुवात बांबूवर व्हावी, असं मला मनापासून वाटतं. आणि ती जागा उसनी घेता येत नाही. प्रशिक्षक बोट ठेवून दाखवतील, पण त्यांचा जबडा रुंद, हिचा निमुळता. त्यांचे हात लांब, हिचे अजून वाढतायत.

ओढीचं माप काढायची एक सोपी रीत आहे. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरायचे, एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत मोजायचं आणि अडीचनं भागायचं. गेल्या दिवाळीत तिची वाव 150 भरली होती, म्हणजे ओढ साठ सेंटिमीटर. यंदा 155 भरली. ओढ दोन सेंटिमीटरनं वाढली. पूर्ण ओढल्यावर जुन्या बाणाचं टोक आता मुठीच्या फार जवळ येतं, आणि बाण आखूड पडणं धोक्याचं. या खेपेला अमरावतीहून नवे बाण आणू तेव्हा चार बोटं लांबच घेणार आहोत. ती अजून उंच होणार आहे.