हिंडणे, भटकणे, रोमिंग

ठरावीक ठिकाण न गाठता मोकळेपणाने फिरत राहणे, असा अर्थ सांगणारे इंग्रजीतील ‘रोम’ हे क्रियापद बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात शिरले ते मोबाइलमधून, आणि तेही खर्चाचे नाव होऊन. ऊसतोडीला गेलेली माणसे बेळगाव-बागलकोटकडच्या कारखान्यांवर पोचली की दूरसंचाराच्या हिशेबात महाराष्ट्राचे मंडळ संपून कर्नाटकाचे सुरू होई आणि गावाकडून आलेला फोन नुसता उचलला तरी पैसे कापले जात. या कपातीला ‘रोमिंग लागले’ असे म्हणत. दंड लागावा तसेच हे लागणे. मोकळिकीचा शब्द भुर्दंड होऊन रुजावा यात विनोद आहे खरा, पण तो या मुलखाच्या चालण्याला नेमका लागू पडतो.

कारण या जिल्ह्यात चालणे अमाप आहे आणि हिंडणे फार थोडे. हिंडायला सवड लागते, भटकण्यात वाट हरवलेली असते आणि पुण्या-मुंबईच्या भटकंतीला शनिवार-रविवारची सुट्टी पुरते. ऊसतोडीचे जाणे यांतल्या कशातच बसत नाही. दसरा-दिवाळी उरकली की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील टोळ्या निघतात, तेव्हा मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, त्यांच्या अंगावर असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, म्हणजे माणसे मोजण्याचे परिमाणच हत्यार. कामाचा एक दिवस बुडाला तर तो ‘खाडा’ ठरून हिशेबातून वजा होतो. फडात, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या रानात, बुडख्यापासून तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधल्या जातात आणि अपरात्री ट्रक आला तर त्याच मोळ्या डोक्यावर घेऊन, टेकवलेल्या अरुंद फळीवरून बायामाणसांना वर चढावे लागते. शेकडो किलोमीटर ओलांडून आलेल्या माणसाचा पुढचा पाच-सहा महिन्यांचा वावर पाचटाची कोपी आणि उसाचा फड यांच्यामध्येच आटपतो. 2019 मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली असल्याचे नोंदवले. त्यामागच्या कारणांत खाड्याची धास्तीही सांगितली गेली.

याच वाटांवरून आषाढीच्या पालख्याही जातात. पैठणची एकनाथांची पालखी रायमोहा-पाटोद्याकडून आणि शेगावची गजानन महाराजांची परळी-अंबाजोगाईवरून पंढरपूरची वाट धरते. मुक्काम तिथेही ठरलेलेच असतात, मात्र ते चालणाऱ्याच्या अंगावर उचल म्हणून नसतात.

शासनदरबारी तर भटकणे हे क्रियापद उरलेलेच नाही. ते वारशाने मिळणारे विशेषण झाले आहे. ऊसतोडीत मोठ्या संख्येने असलेला वंजारी समाज महाराष्ट्रात ‘भटक्या जमाती (ड)’ या प्रवर्गात मोडतो आणि त्या प्रवर्गाला 2 टक्के आरक्षण आहे. तो दाखला मिळवायचा तर कुटुंब 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे भटके ठरण्यासाठी आधी एका जागी मुरलेले असल्याचे सिद्ध करावे लागते. या अटीचा तर्क ज्याने बसवला त्याने भटक्याची व्याख्या फारशी मनावर घेतली नसावी. आजोबांच्या नावापुढे शाळेच्या नोंदवहीत जात लिहिलेली असली तर काम लवकर मार्गी लागते. आजोबा शाळेची पायरी चढलेच नसले तर जुने महसुली कागद धुंडाळावे लागतात, आणि हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने त्यांतले अनेक उर्दूत असतात, ते वाचून देणारा जाणकार आधी गाठावा लागतो. तहसीलच्या या सगळ्या खेपा पाडव्यापासून दसऱ्यापर्यंतच्या महिन्यांतच बसवाव्या लागतात, कारण त्यानंतर टोळी निघायची असते.