तयार रोपांचा मोह

मृग तोंडावर आला की रोपवाटिकांच्या दारात काळे प्लास्टिकचे ट्रे मांडलेले दिसू लागतात. एकेका ट्रेमध्ये ९८ नाहीतर १०४ कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात कोकोपीटमध्ये वाढलेले एकेक रोप. टोमॅटो, मिरची, वांगी, फ्लॉवर... सगळी एका उंचीची, प्रार्थनेला रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांसारखी. मंडळी, खरं सांगते, तिथून रिकाम्या हाताने परत येणे मला फार जड जाते.

आणि का यावे रिकाम्या हाताने? हिशेब मांडून बघा. मिरचीचे बी उगवायलाच आठ-दहा दिवस घेते, त्यानंतर ते लावण्याजोगे व्हायला आणखी पाच-एक आठवडे. टोमॅटो जरा उतावळा, त्याला २५ ते ३० दिवस पुरतात. तेवढ्या काळात मुंग्या बी पळवतात, चिमण्या कोंब खुडतात, आणि पाणी थोडे जास्त झाले की काल संध्याकाळी ताठ उभे असलेले रोप सकाळी जमिनीलगत कुजून आडवे पडलेले असते. त्यापेक्षा रोप आणले, ऊन उतरल्यावर लावले की झाले. सत्तरी उलटली की हा हिशेब जास्तच पटू लागतो. महिना-दीड महिना ही काही थोडीथोडकी मुदत वाटत नाही!

अर्थात सगळ्याच भाज्यांना हे लागू नाही. मुळा आणि गाजर जागेवरच पेरावेत, त्यांचे मूळ दुखावले की त्याला फाटे फुटतात. मेथी-कोथिंबिरीचे तर विचारायलाच नको. भेंडी, गवार, काकडी यांनाही उपटून लावलेले मानवत नाही. तरी हल्ली भेंडीचीही रोपे विकायला असतात. भेंडीचे बी रात्रभर भिजवून टोकले तर आठवड्याच्या आत वर येते. तिचे रोप विकत आणणे म्हणजे घरात दही लावलेले असताना ताकासाठी शेजारी भांडे घेऊन जाणे.

आयुष्यभर शाळेत काढल्यामुळे मला तयार रोप म्हणजे दहावीला दुसऱ्या शाळेचा दाखला घेऊन आलेला हुशार मुलगा वाटतो. निकाल उत्तम लागतो, फळ्यावर आपल्या शाळेचे नाव झळकते, त्याचा आनंदही खराच असतो. पण त्याच्याकडून पाटीवर अक्षर गिरवून घेणारे हात दुसऱ्याच कुणाचे असतात. बी पेरणाऱ्याला ती पहिली इयत्ता बघायला मिळते. आधी येणारी दोन लांबट पाने टोमॅटोची, मिरचीची आणि वांग्याची जवळजवळ सारखीच दिसतात. त्यानंतरचे पान आले की कळते कोण कोण आहे ते. टोमॅटोचे ते चिमुकले पान बोटांत जरा चोळा, घमघमाट सांगतो.

पण हा झाला हौसेचा भाग. खरी गोष्ट पुढेच आहे.

रोपवाटिकेतली बहुतेक रोपे संकरित वाणांची असतात. त्यात वाईट काही नाही. ज्याला एकरभर टोमॅटो बाजारात न्यायचा आहे त्याला एकसारखे आणि रोगाला तोंड देणारे पीक हवेच. मात्र त्या फळाचे बी धरले तर पुढची पिढी आईबापांसारखी निघेलच असे नाही. म्हणजे दरवर्षी पुन्हा त्याच दारात.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाण जमवून बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बँक म्हटले की आपल्याला तिजोरी आठवते, पण बियाणे तिजोरीत टिकत नाही. ते पेरावे लागते, फळ धरावे लागते आणि पुन्हा बी काढावे लागते. न वापरलेला पैसा वाढतो, न पेरलेले बी मरते.

माझ्याकडे औषधाच्या एका जुन्या बाटलीत राखेत घोळवलेले वांग्याचे बी आहे. कृष्णाकाठची काटेरी वांगी, थोरल्या वहिनींच्या मळ्यातली. वहिनी एका चांगल्या झाडाच्या फळाला चिंधी बांधून ठेवत, म्हणजे घरातल्या कुणी ते खुडायचे नाही. फळ पिवळे पडून मऊ झाले की त्याचा गर पाण्यात कुस्करायचा, तळाशी बसलेले बी सावलीत वाळवायचे आणि राखेत घालायचे. आता वहिनी नाहीत. मळाही राहिला नाही, तिथे घरे झाली. त्या वांग्याचे बी आणखी कुणाकडे असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बाटलीतल्या बियांना तीन उन्हाळे होऊन गेले आणि दरवर्षी उगवण कमी होत जाते.

माझ्या गच्चीवर कुंड्या आठच. आठही तयार रोपांनी भरल्या तर भाजी लवकर मिळेल, पण ती बाटली आणखी एक वर्ष तशीच राहील. म्हणून यंदा मिरची आणि टोमॅटोची रोपे आणणार, अगदी निःसंकोच. तीन कुंड्या मात्र वहिनींच्या वांग्याला. विकतच्या वांग्याचे रोप गच्चीवर आणणार नाही, कारण मधमाशांना आपले-परके कळत नाही आणि बियाण्यात भेसळ होते.

भाच्यांनो, पुतण्यांनो, आणि ज्यांना हवे असेल त्या सर्वांनी सांगून ठेवा. उगवले, फळले तर दिवाळीनंतर पुड्या बांधीन. किंमत काही नाही, अट एकच. झाडावरचे एक फळ भाजीसाठी खुडायचे नाही, चिंधी बांधून पिकू द्यायचे.