बी.ई. नंतर सेमिनरी

बी.ई. झालं की आपल्या घरांत पुढचे प्रश्न ठरलेले असतात. पॅकेज किती? फ्लॅट कधी? लग्न कधी? सुरतच्या आमच्या ऑफिसातल्या एका मित्राने या तिन्हींना बगल दिली. नगरकडचा मराठी ख्रिस्ती मुलगा. पाळक व्हायचं म्हणून नोकरी सोडून तो पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत गेला. ही संस्था आधी यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्यात आली.

"पाळक व्हायला एवढं काय शिकायचं?" मी विचारलं. तो हसला. हिब्रू, ग्रीक, चर्चचा इतिहास, प्रवचन, समुपदेशन. "मयताच्या घरी काय बोलू नये, हेही शिकावं लागतं," म्हणाला. आम्ही कोड चुकला तर दुरुस्त करतो. तिथे बोललेला शब्द परत घेता येत नाही.

मराठीला ही वाट नवी नाही. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरच्या सेमिनरीत शिकवलं. बायबल मराठीत आणण्यासाठी पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.

मित्राचे वडील मात्र अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीत. घराचा हप्ता आता धाकटी बहीण भरते. म्हणजे निर्णय त्याचा असला, तरी भार सगळ्या घरावर आहे. तो हे जाणतो, म्हणून सुट्टीत शिकवण्या घेऊन बहिणीला पैसे पाठवतो.

मंडळी, उद्या आपल्या घरात कुणी अशी वेगळी वाट धरली, तर "कमावणार किती?" हे जरूर विचारू. पण त्याआधी "शिकणार काय?" हेही विचारू.